निरसं, धारोष्ण आणि तापवलेलं

मराठी मध्यमवर्गीय घरातला दिवस देवाच्या नावाने सुरू होतो, असे शाळेच्या निबंधांत लिहायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो "गॅसवर दूध आहे हं, लक्ष ठेवा" या वाक्याने सुरू होतो. लक्ष ठेवणारा माणूस वर्तमानपत्र घेऊन ओट्याशी उभा राहतो, पातेल्याकडे निष्ठेने पाहतो आणि निधनवार्ता चाळायला म्हणून क्षणभर मान वळवतो. दूध नेमकी हीच संधी साधते.

दूध तापवण्याने आपल्या भाषेतही बरीच जागा अडवून ठेवली आहे. आपला उत्साह उतू जातो, लोकांचे प्रेम उतू जाते, आणि आजोबा नातवंडांना दुधावरची साय म्हणतात. नव्या घरात राहायला गेले की पहिल्या दिवशी दूध मुद्दाम उतू घालवतात. त्यानंतर पुढची तीस वर्षे तीच गोष्ट चुकून झाली तर बोलणी बसतात. आणि न तापवलेल्या दुधाला तर आपण स्वतंत्र नावच ठेवले आहे : निरसे दूध. इंग्रजाला कच्च्या दुधासाठी कच्च्या कांद्याचाच शब्द वापरावा लागतो. आपल्याकडे कांद्याचे कांद्याला, दुधाचे दुधाला.

त्यातही पुन्हा बारकावा आहे. कासेतून थेट भांड्यात पडलेले, अजून जनावराच्या अंगाची ऊब असलेले ते धारोष्ण. ती ऊब गेली की तेच दूध निरसे. आणि चुलीवर जाऊन आले की तापवलेले. कच्चे दूध प्यावे की पिऊ नये या विषयावर जगभर जी भांडणे चालू आहेत, ती सगळी या तीन शब्दांत मावतात. हा इतिहास मी मुद्दाम उकरायला गेलो नव्हतो. तो आमच्या मामांनी काचेच्या बाटलीत घालून घरपोच आणला.

मामांचे वय ब्याऐंशी. निवृत्त झाल्यापासून त्यांना आरोग्याचा छंद लागला. आधी तांब्याच्या भांड्यातले पाणी झाले, मग नाचणी झाली, मग लाकडी घाण्याचे तेल झाले. गेल्या वर्षी दुधाची पाळी आली. मुळशीच्या बाजूच्या कुठल्याशा फार्मवरचे देशी गाईचे दूध पहाटे त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या दाराला टांगलेले असते. किंमत साध्या पिशवीच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्यावर थांबते तर हरकत नव्हती. पण आमच्या धाकट्या सुनेला पाचवा महिना लागल्याचे कळले आणि मामा एक दिवस सकाळीच दोन बाटल्या घेऊन हजर झाले.

"पोरी, हे दूध तापवायचं नाही बरं का," ते म्हणाले. "तापवलं की मेलं. निरसंच प्यायचं. बाळ बघ कसं गुटगुटीत होतं ते."

सून चांगल्या घरची. "हो, मामाआजोबा," म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली. सौ. बाटल्यांकडे पाहू लागली. मी छताकडे पाहू लागलो.

"सुश्रुत वाच," मामा मला म्हणाले. "धारोष्ण दूध अमृतासारखं."

वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून मी खरोखरच सुश्रुत उघडला. सुश्रुतसंहितेत दुधाचा विचार बराच बारकाईने केलेला आहे. त्याचा मतलब असा, की न तापवलेले दूध पचायला जड आणि अभिष्यंदी, म्हणजे शरीरातले मार्ग चोंदवणारे. तेच तापवले की हलके होते आणि तो दोष जातो. याला अपवाद आईच्या दुधाचा. ते तापवायचे नसते. धारोष्ण दूध गुणाचे खरे, पण तसे नसले तर परिणाम उलटा. मामांनी यातला धारोष्णाचा तुकडा तेवढा उचलला होता आणि मागचापुढचा मजकूर सुश्रुताकडेच ठेवला होता. मुळशीहून पहाटे निघालेले, बर्फात बसून आलेले, कोथरूडला फ्रीजमध्ये दीड दिवस विसावलेले दूध हे धारोष्ण कसे, हा प्रश्न सुश्रुताला विचारायची सोय नाही. त्याच्या काळी कोथरूडही नव्हते आणि फ्रीजही नव्हता.

धारोष्णाचे सगळे गुणगान झाले ते ज्याच्या दारात गाय त्याच्यासाठी. कास इथे आणि पेला इथे, मध्ये फक्त धार. ज्याच्या दारात गाय नव्हती त्याची अवस्था महाभारतापासून कठीण आहे. श्रीमंतांची पोरे दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडू लागला, तेव्हा पोरांनी त्याला पाण्यात पीठ कालवून पाजले, आणि तो "मी दूध प्यायलो" म्हणून आनंदाने नाचला. भेसळीचे दूध पिऊन समाधानाने नाचलेला हा आपल्या वाङ्मयातला पहिला ग्राहक. त्यानंतर आपण सगळे.

माझ्या लहानपणी पुण्याच्या पेठांतून म्हशींचे गोठे होते. दूध फार लांबून येत नसे, पण मधे वस्तू पुष्कळ येत. पहिला गवळ्याचा हात. मग त्याची किटली. सायकलवर दूध हिंदकळू नये म्हणून तिच्या तोंडात गवताचा बोळा कोंबलेला असे. मग माप, आणि मापाबरोबर दुधात बुडणारा अंगठा. आणि शेवटी पाणी. आमची आजी वाड्याच्या पायरीवर उभी राहून रतीब घेई.

"काय रे, म्हैस आज फार पाणी प्यायली वाटतं?"

"पावसाळा हाय आजी. गवत ओलं असतंय."

"गवत ओलं असतं ते ठाऊक आहे मला. पण उन्हाळ्यात काय ओलं होतं?"

हा संवाद दोघांनाही पाठ होता. पाण्यामुळे गवळी बदलला असे कधी झाले नाही, कारण दुसऱ्याकडेही नळ होताच. तक्रार करून झाली की आजी पातेले थेट चुलीवर ठेवी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि उन्हाळ्यात रात्री निजण्यापूर्वी आणखी एकदा. एक उकळी आली की पुरे असे तिला मान्य नव्हते. दूध वर आले की सांडशीने उतरवायचे, खाली बसले की पुन्हा ठेवायचे, असे तीनदा. लहानपणी मी चुकून निरसे दूध तोंडाला लावायला गेलो की ती म्हणे, "ते वासरानं प्यायचं असतं, माणसानं नाही." तिला जंतू हा शब्द माहीत होता की नाही, मला शंका आहे. तिचे शास्त्र एवढेच होते, की दुधाला चार हात लागले की त्याला विस्तव दाखवायचा.

निरसे दूध घरात चाले ते फक्त देवाला. अभिषेकाला आणि पंचामृताला ते लागे, आणि तीर्थ म्हणून पळीभर आमच्या तळहातावर येई. देवाला प्रतिकारशक्तीची काळजी नाही आणि पळीभराने आमचेही काही अडत नसावे. पण सत्यनारायणाच्या दिवशीसुद्धा प्रसादाच्या शिऱ्यातले दूध आजी आधी तापवूनच घेई.

पुण्याच्या तालमींतले पैलवान मात्र या नियमाला अपवाद समजले जात. तांब्याभर दूध तोंडाला लावायचे आणि मिशीवरचा फेस उलट्या हाताने पुसायचा, हे दृश्य आम्हा पोरांना कुस्तीपेक्षाही मोठे वाटे. या प्रथेचे खरे माहेर कोल्हापूर. तिथे गंगावेशीतला दूध कट्टा प्रसिद्ध आहे. म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तिथल्या तिथे हातात देतात. पाणी घालायला वाव नाही, अंगठा बुडवायलाही वेळ नाही. माझ्या आजीने गवळ्यावर घेतलेल्या सगळ्या हरकतींना हा कट्टा म्हणजे बिनतोड जबाब आहे. मामांनाही मी म्हटले, "धारोष्णच हवं तर रोज कोल्हापूरला जा."

पण हरकतींची यादी एवढ्यावर संपत नाही. दुधात बाहेरून काय पडले हा एक प्रश्न झाला. जनावराच्या आतूनच काय आले हा दुसरा. हा दुसरा प्रश्न आजीला ठाऊक नव्हता, सुश्रुतालाही नव्हता. तो सुटला साहेबाच्या हातून, आणि तोही फार माणसे गमावल्यावर.

साहेबाच्या देशात दूध कच्चेच प्यायची पिढीजात रीत. खेड्यात गाय दारात होती तोवर तिने निभावले. एकोणिसाव्या शतकात शहरे फुगली, गाई दूर गेल्या किंवा शहरातल्या कोंदट गोठ्यांत आल्या, आणि तान्ही मुले पटापट दगावू लागली. पाश्चरने १८६० नंतरच्या दशकात बेताची आच देऊन पेय टिकवण्याची युक्ती काढली, ती मुळात दारू नासू नये म्हणून. फ्रेंच माणसाने आधी कशाची काळजी केली हे पाहून घ्यावे. लहान मुलांचे दूध तापवावे असे झॉक्स्लेट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुचवले ते १८८६ साली. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्राउस या दुकानदाराने १८९३ पासून गरिबांच्या मुलांसाठी पाश्चराइज्ड दुधाची केंद्रे काढली, आणि शिकागोने १९०८ साली तसा कायदा केला. माझ्या आजीची आजी त्या सुमारास सदाशिव पेठेत काय करत होती, हे सांगायला नको. तिचे दूध चुलीवर होते.

याच काळात पुण्याचे नाव या इतिहासात येते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी सरकारने इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली ती ९ डिसेंबर १८८९ रोजी, पुण्यात, पुढे ज्याचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले त्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. बुळकांडीने तेव्हा गुरांचे कळपच्या कळप मरत होते. पण जिवंत रोगजंतू घेऊन भर वस्तीत बसणे बरे नव्हे असे ठरले आणि १८९३ साली प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला गेली. एखादी संस्था पुण्यात निघून पुण्यात कोणाशी भांडण न होता बाहेर गेली, असे हे दुर्मिळ उदाहरण. तिचीच आज बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली आहे.

मुक्तेश्वरला १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख येऊन गेला. १८८२ साली क्षयाचा जंतू शोधणारा हा थोर माणूस. पण १९०१ साली लंडनच्या परिषदेत त्याने जाहीर केले, की गाईंचा क्षय माणसाला होण्याची भीती जवळजवळ नाही, तेव्हा दुधाची फार चिंता करू नये. इंग्रजांनी कमिशन नेमले. कमिशनने दहा वर्षे काम केले आणि १९११ साली निकाल दिला, की होतो. क्षयी गाईच्या दुधातून, विशेषतः लहान मुलांना, नक्की होतो. मोठा माणूस चुकला की त्याची चूकही मोठी होते. दहा वर्षे साहेब कच्चे दूध पीत कमिशनच्या अहवालाची वाट पाहत होता. आपल्याकडे कमिशन नव्हते, म्हणून दूध तापत होते.

कॅम्पातल्या साहेबाने मात्र गवळ्याच्या किटलीवर विश्वास टाकला नाही. सैन्याच्या दुधासाठी लष्कराचे स्वतःचे गोठे निघाले. पहिला १८८९ साली अलाहाबादला, आणि पुढे आपल्या पिंपरीलाही मिलिटरी डेअरी फार्म झाला. हे फार्म थेट ३१ मार्च २०२१ रोजी देशभर बंद झाले.

मामांच्या धारोष्णाचा शेवटचा बुरूज ढासळला तो माल्टाच्या बेटावर. तिथल्या ब्रिटिश शिपायांना एक चमत्कारिक ताप येई. चढे, उतरे, पुन्हा चढे. महिनोन्‌महिने घाम, सांधेदुखी, पाठदुखी. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. पाणी तपासले, हवा तपासली, डास तपासले. अखेर १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्या तपासल्या. माल्टात शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. म्हणजे गंगावेशीचीच पद्धत. दूध ताजे, धारोष्ण, निर्भेळ. आणि त्या धडधाकट, तुकतुकीत दिसणाऱ्या शेळ्यांपैकी कितीतरी जणींच्या दुधात तो जंतू होता. १९०६ साली छावणीतले शेळीचे दूध बंद केले आणि ताप ओसरला. ब्रूसच्या नावावरून त्या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात.

तेव्हा "गाय बघ कशी तुकतुकीत आहे" हे मामांचे वाक्य मी नम्रपणे बाजूला ठेवतो. शेळ्याही तुकतुकीत होत्या.

ब्रुसेलोसिस ही काही माल्टाची जुनी कहाणी नव्हे. आपल्याकडे २०१९ साली गुरांच्या लाळ-खुरकुतासाठी देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तिच्यात ब्रुसेलोसिसही आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ही लस टोचतात. माझ्या परिचयाचे एक गुरांचे डॉक्टर आहेत. त्यांना असाच ताप जडला. तीन महिने मलेरिया म्हणून, टायफॉइड म्हणून औषधे झाली. पाठ इतकी धरली की माणूस चपला घालताना रडत असे. अखेर रक्ताच्या योग्य तपासणीत निदान झाले आणि सहा आठवडे दोन-दोन औषधे घेऊन ते बरे झाले. त्यांना तो जनावरे हाताळून जडला असेल किंवा दुधातून. ते स्वतः सांगतात, "दोन्ही केलं होतं. आता फक्त एक करतो."

नंतर आपल्याकडेही दुधाची व्यवस्था बदलली. मुंबईच्या दुधाचा प्रश्न डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ सालीच पुस्तक लिहून मांडला होता. आरेची वसाहत उभी राहिली १९४९ साली. पुण्याकडे पाहायचे तर भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ साली भिलवडीला दुधाचा धंदा सुरू केला आणि त्या नावाला पुढे पुण्यात काय मान मिळाला हे पुणेकराला सांगणे म्हणजे शनिवारवाडा कुठे आहे ते सांगण्यासारखे आहे. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपले कात्रज, १९६० साली निघाला. १९७० नंतर दुधाचा महापूर योजना आली. गवळ्याची किटली गेली आणि दूध पाश्चराइज होऊन पिशवीतून येऊ लागले. पाश्चरीकरण म्हणजे ६३ अंशांवर अर्धा तास, किंवा ७२ अंशांवर फक्त पंधरा सेकंद, आणि लगेच गार.

पंधरा सेकंद! आजीला हे सांगितले असते तर तिने डेअरीच्या मॅनेजरला स्वयंपाकघरात उभे केले नसते. आम्हीही पाश्चराइज केलेले दूध घरी आणून पुन्हा उकळतो. मध्यंतरी तर घरोघर मिल्क कुकर आला. दुहेरी भिंतीच्या त्या भांड्यात मधे पाणी. पाण्याची वाफ झाली की शिट्टी. दूध उतू जात नाही, करपतही नाही. तो घरगुती पाश्चरच होता, पण "शिट्टी पाण्याची वाजते, दुधाला काय कळतं?" म्हणून आजीने त्याला शेवटपर्यंत मानले नाही. वास्तविक थंड राहून आलेले, न फुटलेल्या पिशवीतले पाश्चराइज्ड दूध पुन्हा उकळलेच पाहिजे असे नाही. पण खरे कारण जंतू नव्हेतच. खरे कारण साय. साय नाही तर विरजण नाही, लोणी नाही, तूप नाही, आणि रविवारी घरभर तूप कढल्याचा वास नाही. मराठी माणूस आरोग्याच्या नावाखाली दूध तापवतो आणि तुपाच्या आशेने त्याच्याकडे पाहतो.

निरशा दुधाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. उकळल्याने क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात, हे खरे. पण क जीवनसत्त्वासाठी दूध पिणाऱ्याने आवळा खावा. कॅल्शियम आणि प्रथिने मात्र विस्तवाला घाबरून पळत नाहीत. दुधातले रिबोफ्लेविन उकळण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, ते नासते उजेडाने. म्हणजे पारदर्शक काचेची बाटली उन्हात दारावर टांगली की मामांनी जे वाचवले ते तिथेच गेले. ज्यांना दूध पचत नाही त्यांना निरसे पचते, हेही खरे नाही. दुग्धशर्करा दोन्हीकडे तेवढीच. युरोपात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या खेड्यांतली जी मुले गोठ्यातले कच्चे दूध पितात त्यांच्यात दमा आणि ॲलर्जी कमी आढळली, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले आहे. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पण ती पाहणी करणाऱ्यांनीच पुढे म्हटले, की म्हणून कच्चे दूध प्या असे आम्ही सांगू शकत नाही. आणि ए-टूचा प्रश्न वेगळाच आहे. तो प्रथिनाच्या प्रकाराचा, तापवण्या-न तापवण्याचा नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वेष्टनांवरून ए-वन, ए-टू काढून टाका असा हुकूम काढला आणि पाच-सहा दिवसांत मागे घेतला. तेवढ्या दिवसांत मामांनी मला तीन फोन केले. पहिला काळजीचा, दुसरा संतापाचा, तिसरा विजयाचा.

दुसऱ्या पारड्यात क्षय आहे, ब्रुसेलोसिस आहे, साल्मोनेला आणि ई. कोलायचे वाईट प्रकार आहेत, कॅम्पिलोबॅक्टर आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची साथ आली, चालती-फिरती माणसे पाय लुळे पडून इस्पितळात गेली, तेव्हा रुग्णांच्या तपासणीत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. तिथे संशय पाण्यावर होता, दुधावर नव्हे. पण कच्चे दूध हीसुद्धा त्याची नेहमीची वाट आहे. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाल्याचे आढळले आणि त्यांच्या कच्च्या दुधात त्याचे विषाणू भरपूर निघाले. आणि या यादीत एक लिस्टेरिया आहे. तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. धडधाकट माणसाला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण गरोदर बाईला साध्या फ्लूसारखा ताप येतो आणि मूल जाते. हे सगळे जंतू एका उकळीत मरतात.

हे मी मामांना सांगितले, तेव्हा त्यांनी आपला हुकमी एक्का काढला.

"अरे, आम्ही लहानपणी गोठ्यात बसून थेट धार तोंडात घेत होतो. आम्हाला काय झालं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, सौ.कडे होते. तिने आतून मामांच्याच घराण्याची वंशावळ आणून त्यांच्यासमोर ठेवली. मामांच्याच हातची, वळणदार अक्षरातली. मामा आणि माझी आई धरून भावंडे नऊ. पाच जणांच्या नावांपुढे फांद्या फुटल्या आहेत. चार नावांपुढे कंसात एकच शब्द आहे : अल्पवयी.

"ही चार कशानं गेली हो, मामा?" सौ.ने विचारले.

मामांनी चष्मा पुसला. "एक देवीनं. दुसऱ्याला जुलाब झाले. बाकीची दोन तापानं."

"कसला ताप?"

"ताप गं. तेव्हा तापाला नाव नसायचं."

बराच वेळ कोणी बोलले नाही. ती चारही मुले दुधाने गेली असे मी म्हणत नाही. म्हणायला काही आधार नाही. पण "आम्हाला काय झालं" हा प्रश्न विचारायला जे उरले तेच विचारतात. ज्यांना काही झाले त्यांची नावे कंसात असतात.

सुनेने तेवढ्यात बाटली हातात घेतली होती. तिची नजर चांगली. मागच्या बाजूला, गाईच्या चित्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते, ते तिने मोठ्याने वाचले : "पिण्यापूर्वी उकळून घ्यावे."

"बघू," मामा म्हणाले. त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. मग फार्मवाल्याला पुणेरी मराठीत दोन शब्द ऐकवले आणि म्हणाले, "सांगायला काय झालं होतं मोठ्या अक्षरात? उकळूनच घ्यायचं तर मी दुप्पट पैसे कशाला मोजतोय?"

"सायीसाठी," सौ. म्हणाली आणि पातेले गॅसवर चढवले. देशी गाईच्या दुधाची साय म्हशीच्या मानाने पातळच आली. पण मामांनी ती साखर घालून खाल्ली आणि तूप किती निघेल याची चौकशी केली. सुनेने पेलाभर गरम दूध हळद घालून घेतले.

आता मामांकडे बाटली अजून येते. ती उकळली जाते. फक्त "उकळली" असे ते म्हणत नाहीत, "किंचित कोमट केली" म्हणतात. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाने एवढी सवलत घ्यावी. आमची नात आता चार महिन्यांची आहे. सुश्रुताने सांगितलेला अपवाद ती दिवसातून आठ वेळा पाळते. तिचे दूध धारोष्ण असते, निर्भेळ असते, मधे कोणाचा अंगठा नसतो आणि ते तापवायला कोणी सांगत नाही. तेवढा हक्क जगात फक्त तिला आणि वासराला आहे.